कोणता किनारा, कोणतं लोकाट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींचा दंडक होता म्हणे, की शेतीवर बोलायला उभं राहणाऱ्याने बागेत उपयोगी पडेल असं काहीतरी सांगून जावं, नाहीतर शाल-श्रीफळ घेऊन मुकाट बसावं. तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो. विषय मला दिलेला आहे: उबदार किनारपट्टीवरच्या फळबागेसाठी लोकाटाच्या जातींची तुलना. तुमच्यापैकी काहींनी मार्च-एप्रिलमध्ये डेहराडून किंवा दिल्लीच्या बाजूला हातगाडीवर हे फळ पाहिलं असेल. जर्दाळूच्या रंगाचं, लिंबाएवढं, आत दोन-चार गुळगुळीत तपकिरी बिया. चव आंबटगोड. ज्याला आवडतं त्याला फार आवडतं, आणि ज्याला आवडत नाही तो बियाच मोजत बसतो.

लोकाटाबद्दल विचारणारा माणूस बहुधा एकाच गोष्टीवर येतो. 'चांगली जात कुठली ते सांगा, बाकीचं आम्ही बघतो.' मला त्याला उलट विचारावंसं वाटतं, की तुझा किनारा कुठला ते आधी सांग. कारण लोकाटाच्या बाबतीत 'उबदार किनारा' हे शब्द फसवे आहेत. पुस्तकांत ज्या किनाऱ्यांना उबदार म्हटलंय, तिथे राहणारी माणसं जानेवारीत स्वेटर घालून फिरतात. आपण इथे कोकणात जानेवारीत पंखा बंद केला की थंडी पडली म्हणतो. दोघांनाही शब्द एकच, झाडाला मात्र दोन वेगळे देश. आज मी जातींची नावं पुष्कळ घेणार आहे, पण सांगायचं आहे ते एवढंच. फळाचा आकार, रंग आणि गोडी यांवरून लोकाटाची जात निवडायला गेलात तर फसाल. जात निवडायची ती तिचा मोहर कधी येतो आणि त्या वेळी तुमची हवा काय करत असते, यावरून.

हे झाड सफरचंद-नाशपतीच्या कुळातलं. पण त्याचं घड्याळ उलटं चालतं. सफरचंद थंडीत पानं गाळून झोपतं आणि वसंतात फुलतं. लोकाट सदाहरित, थंडीच्या तोंडावर फुलतं, हिवाळाभर फळ पोसतं आणि वसंतात, बाजारात दुसरं ताजं फळ फारसं नसताना, पिकतं. पान लांबट, जाड, शिरा खोल गेलेल्या, कडेला दात. खालची बाजू बोटाने चोळली तर लोकरीसारखी लव हाताला लागते. मोहराच्या दांड्यावर आणि कळ्यांवर तीच लव गंजलेल्या रंगाची. लांबून पाहणाऱ्याला वाटतं झाडाला रोग पडलाय. जवळ गेलं की पांढरी फुलं दिसतात आणि गोड, जड वास येतो. एका तुऱ्यात साठ-सत्तरपासून शंभरापर्यंत फुलं असतात. त्यातली चार-सहा फळं झाली तरी बागायतदार खूश, कारण त्याहून जास्त ठेवली तर सगळी बोराएवढी राहतात.

आता थंडीचा हिशेब बघा. झाड स्वतः उणे ११ अंशांपर्यंत तग धरतं. कळी उणे ७ च्या आसपास मरते. उमललेलं फूल आणि कोवळं फळ मात्र उणे ३-४ अंशांतच जातं. म्हणजे ज्या प्रदेशात झाड उत्तम वाढतं, तिथे फळ मिळेलच असं नाही. म्हणून लोकाटाने जगभर किनारे धरले. समुद्र हिवाळ्यात हवेला फार खाली जाऊ देत नाही, आणि कोवळं फळ वाचतं. किनाऱ्याची महती एवढ्यासाठीच. पण थंडी मारत नाही आणि थंडी पडतच नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत, हे जातींच्या याद्या करणारे लिहीत नाहीत. त्यांना लिहायची गरजही पडत नाही, कारण त्यांच्या किनाऱ्यावर थंडी असतेच.

लोकाट मूळचं चीनचं. तिथे त्याची लागवड दोन हजार वर्षांहून जुनी. तरी त्याच्या शास्त्रीय नावात जपान आलंय. डच कंपनीचा वैद्य म्हणून नागासाकीला गेलेल्या थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तिथे पाहिलं आणि १७८४ च्या ग्रंथात जपानी म्हणून नोंदलं. त्याच नागासाकीतून पुढे जपानच्या दोन मुख्य जाती निघाल्या. मोगी हा नागासाकीचाच एक भाग. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, चिनी मालाबरोबर आलेल्या लोकाटाचं बी तिथल्या मिउरा शिओ नावाच्या बाईंनी लावलं आणि त्यातून मोगी ही जात झाली, असं सांगतात. दुसरी तानाका. तानाका योशिओ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली नागासाकीत खाल्लेल्या एका मोठ्या फळाच्या बिया टोकियोला नेऊन लावल्या, त्यातली ही निवड.

या दोघींची तुलना केली की जातींच्या तुलनेचं सगळं गमक हाती येतं. मोगी लहान, चाळीस-पन्नास ग्रॅमची, आंबटपणा कमी, लवकर पिकणारी. तानाका मोठी, साठ-सत्तर ग्रॅमच्या पुढे जाणारी, उशिरा पिकणारी, पूर्ण पिकेपर्यंत आंबट. नागासाकी दक्षिणेला, तिथे थंडी सौम्य. तिथे लवकर येणाऱ्या मोगीचं कोवळं फळ वाचतं आणि बाजारात आधी पोहोचतं. टोकियोजवळच्या चिबा किनाऱ्यावर थंडी जास्त, तिथे तानाका टिकली. खाणाऱ्याला विचाराल तर कोणी मोगीच्या बाजूने भांडेल, कोणी तानाकाच्या. पण कोणती कुठे लागली हे खाणाऱ्याने ठरवलं नाही, हिवाळ्याने ठरवलं.

तिथून पॅसिफिकच्या पलीकडे जाऊ. दक्षिण कॅलिफोर्नियात ऑरेंज या गावी सी. पी. टॅफ्ट नावाचा एक बागायतदार होता. विसाव्या शतकाच्या आगेमागे त्याने बियांपासूनची झाडं निवडून निवडून लोकाटाच्या जाती काढल्या, आणि त्या आजही याद्यांमध्ये आहेत. ॲडव्हान्स १८९७ ची, प्रीमियर १८९९ ची, अर्ली रेड १९०९ ची, आणि शँपेन त्याच सुमाराची. एका माणसाने एका बागेत इतकं केलेलं बघून मला आपल्याकडच्या जुन्या आंबेवाल्यांची आठवण होते. त्यांनीही रायवळातून निवड करत करत नावं मिळवली, फक्त लिहून ठेवलं नाही.

टॅफ्टच्या जातींत दोन घराणी आहेत. एक नारिंगी गराचं, एक पांढरट गराचं. नारिंगी गर घट्ट, जाड सालीचा, जर्दाळूच्या चवीचा आणि प्रवासाला बरा. पांढरट गर नाजूक, रसाळ, वासाचा. पण बोट लागलं की डाग. शँपेन ही पांढऱ्या घराण्यातली मानाची जात. साल तुरट, आतला गर असा की खाताना रस कोपरापर्यंत येतो. कॅलिफोर्नियात अनुभव असा, की समुद्राच्या अगदी काठावर, जिथे उन्हाळ्यातही धुकं येतं आणि हवा थंड राहते, तिथे पांढऱ्या गराच्या जाती जास्त बऱ्या येतात. नारिंगी गराच्या गोल्ड नगेटसारख्या जातीला पिकायला ऊन हवं. गोल्ड नगेट उशिराची, गोल, मोठी. तिथे तिला थेल्स हेही नाव आहे.

शँपेनची एक अडचण आहे. तिचं तिच्याच परागाने नीट फळ धरत नाही. शेजारी दुसरी जात लागते. ॲडव्हान्सही तशीच परावलंबी. पण ती मुळातच बुटकी, माणसाच्या उंचीएवढी राहणारी, करपा आणणाऱ्या जिवाणूला बऱ्यापैकी दाद न देणारी, आणि दुसऱ्या जातींना पराग देण्यात पटाईत. म्हणून जुन्या बागांत ती फळासाठी कमी आणि सोबतीसाठी जास्त लावत. गोल्ड नगेट आणि तानाका एकट्यादेखील फळ धरतात. परसात एकच झाड लावणाऱ्याला गर पांढरा की नारिंगी यापेक्षा हा प्रश्न आधी सुटायला हवा. एकटी शँपेन लावून सात वर्षं नुसता मोहर हुंगत बसण्यात अर्थ नाही.

आता ज्या किनाऱ्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय तिकडे येतो. स्पेनच्या आलिकांते प्रांतात, भूमध्य समुद्रापासून थोडं आत, डोंगरांच्या कुशीत काल्योसा द'एन सारिया नावाचं गाव आहे. चीननंतर लोकाट पिकवण्यात स्पेनचं नाव, आणि स्पेनमध्ये या गावाचं. इथल्या लोकाटाला आपल्या हापूससारखं भौगोलिक संरक्षण आहे. डोंगरउतारावर बांध घालून केलेले मळे, आणि मळ्यांवर जाळी. वरून पाहिलं तर गावाभोवती कोणी पांढरी चादर अंथरल्यासारखं दिसतं. जाळीने वारा अडतो, गारपीट अडते, उन्हाचा चटका कमी होतो. लोकाटाची साल इतकी हळवी, की वाऱ्याने पान घासलं तरी फळावर तपकिरी ओरखडा उठतो, आणि ओरखडा उठलेलं फळ बाजारात पहिल्या प्रतीत जात नाही.

या गावात मुख्यतः एकच जात आहे: अल्जेरी. नावावरून कळतं तशी ती अल्जीरियाकडून आलेली. लवकर पिकणारी, नारिंगी सालीची, आंबटगोडाचा तोल चांगला, भरपूर धरणारी. इतर जाती आहेत, उशिराच्या गोल्ड नगेट, तानाका वगैरे. पण स्पेनमध्ये लोकाट म्हणजे अल्जेरी, जसा रत्नागिरीत आंबा म्हणजे हापूस. आणि हापूसला जसा साका, तसा अल्जेरीला जांभळा डाग. फळ हिरव्याचं पिवळं होत असताना सालीवर जांभळट चट्टे पडतात. कीड नाही, बुरशी नाही. फळाच्या आतल्या घडामोडींचं आणि त्या दिवसांतल्या हवेचं काहीतरी बिनसतं. कॅल्शियमचा त्यात संबंध आहे. साका आतला गर नासवतो. हा डाग गराला काही करत नाही, फक्त रूप घालवतो. पण रूपावरच भाव ठरत असल्यामुळे बागायतदाराच्या खिशाला दोन्ही सारखेच.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साक्यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली रत्ना काढली, मग रत्ना आणि हापूसच्या संकरातून १९९२ साली सिंधू. दोन्हींत साका नाही. तरीही बागेत हापूसच राहिला, कारण गिऱ्हाईक नाव विकत घेतं. काल्योसामध्येही तसंच. एका जातीवर गाव उभं राहिलं की तिचे दोष गावाचे दोष होतात आणि जात बदलणं म्हणजे बाजार बदलणं होऊन बसतं. एक जात लावावी की अनेक, या वादात मी एकीच्या बाजूचा नाही. पण एकीने पेटी भरते आणि अनेकांनी पाटी, हे व्यवहाराचं सत्य मी नाकारत नाही.

अल्जेरीच्या बाबतीत स्पेनमधल्याच आल्मेरिया विद्यापीठाने जे काम केलं ते ऐकून तुम्हाला हसू येईल, कारण ते आपल्या घरचंच आहे. हुलियान कुएवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की फळ उतरल्यावर उन्हाळ्यात, जून-जुलैत, अल्जेरीला पाणी तोडलं तर पुढचा मोहर दोन-तीन आठवडे आधी येतो. पुढचं फळही आधी पिकतं. आणि लवकरच्या फळाला भाव, म्हणून ज्या वर्षी पाणी वाचतं त्याच वर्षी पैसाही जास्त मिळतो. डाळिंब-संत्र्याच्या बागायतदाराला यात नवं काय? आंबे बहर, मृग बहर, हस्त बहर धरताना तो ताण देतोच. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडायचं. कुएवास आणि मंडळींनी शास्त्रशुद्ध मोजमाप करून किती दिवसांचा ताण आणि माती किती कोरडी याचे आकडे काढले, हे त्यांचं श्रेय. आपल्याकडे हे ज्ञान बांधावर होतं, ते आकड्यांत उतरायला फार वेळ लागला.

या ताणाची अट मात्र लक्षात ठेवा. स्पेनच्या किनाऱ्यावर उन्हाळा कोरडा असतो. काल्योसात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आपल्याकडे जून महिन्यात पडून जातो. लोकाटाच्या कळ्या घडण्याचे दिवस उन्हाळ्याचे, म्हणजे नेमके आपल्या पावसाळ्याचे. झाडाला ताण हवा तेव्हा आपण त्याला धो धो पाणी देतो. माझ्या मते कोकणात लोकाटाची खरी अडचण उष्म्याच्याही आधी ही आहे. आंब्याच्या बाबतीत आपण जुलै-ऑगस्टमध्ये पॅक्लोब्युट्राझोल मुळाशी ओतून वाढ रोखतो आणि मोहर ओढून आणतो. पाऊस ताण देऊ देत नाही, म्हणून औषधाने दिलेला तो ताणच म्हणा. लोकाटात तसं कोणी करावं असं मी सुचवत नाही. ज्या झाडाला एवढं ढकलावं लागतं ते झाड आपलं नव्हे, असा सरळ अर्थ मी काढतो.

काल्योसाची काढणी पाहण्यासारखी असते. लोकाट ओढून तोडत नाहीत. कात्रीने देठासकट कापतात, हात देठालाच, फळाला नाही. अंगठा दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी ठसा, पोलिसांच्या कागदावर उमटतो तसा. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून एकाच झाडाशी अनेकदा यावं लागतं. फळं पेट्यांत एकाच थरात ठेवतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, याला अढी नाही. आंबा हिरवा काढून गवतात घातला तर पिकतो. लोकाट झाडावरून उतरलं की त्याची गोडी तिथेच थांबते. आधीच्या भावाच्या लोभाने पोपटी असतानाच काढलेलं लोकाट आंबटच राहतं, आणि एकदा ते तोंडात घेतलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी गाडीजवळ थांबत नाही. लवकर पिकणाऱ्या जातीची गरज इथून येते. लवकर काढणं आणि लवकर पिकणं यातला फरक खाणाऱ्याच्या जिभेला कळतो.

एवढं हातकाम असलेलं पीक महाग मजुरीच्या देशात किती दिवस टिकणार? मोहर विरळायचा, फळं विरळायची, कात्रीने तोडायची, थरात भरायची. जपानात तर घडाला पिशव्या बांधतात, हाताने. काल्योसाच्या उतारांवर आता लोकाट काढून ॲव्होकाडो लावणारे वाढलेत. तुलनेच्या तक्त्यात जातीपुढे 'मजुरी' असा रकाना मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही. तो असायला हवा.

सिसिलीत पालेर्मोभोवती लोकाट आहे, तिथल्या स्थानिक जाती निराळ्या: सानफिलिप्पारा, ट्राबियाची नेस्पोलोने, आणि गोडसर वानिल्या. इस्रायलात अक्को या किनाऱ्यावरच्या गावाच्या नावाने जाती निघाल्या. चीनमध्ये फुजियान किनाऱ्यावर जिएफांगजोंग नावाची जात आहे. तिचं फळ ऐंशी ग्रॅमपर्यंत सहज जातं, मोठ्यात मोठं १७२ ग्रॅमचं नोंदलेलं. फुजियानमध्येच या जातीचा जपानच्या एका लवकरच्या जातीशी संकर करून लवकर येणारं मोठं फळ काढलं, त्यालाही मागणी आहे. ही सगळी नावं मोहात पाडणारी आहेत. पण हे सारे किनारे हिवाळा असलेले किनारे आहेत, त्यामुळे त्यांच्यावर मी इथे अधिक वेळ घालवत नाही.

आपल्या हवेशी त्यातल्या त्यात नातं सांगणारा किनारा म्हणजे दक्षिण फ्लोरिडा. तिथे पाऊस उन्हाळ्यात, हिवाळा कोरडा, हवा दमट. म्हणजे ऋतूंची मांडणी आपल्यासारखी. फरक हिवाळ्याच्या रात्रींचा. तिथे जानेवारीत किमान तापमान १४-१५ च्या आसपास येतं आणि मधूनमधून उत्तरेकडून थंडीची लाट खाली उतरते. रत्नागिरीत जानेवारीत किमान १८-१९ आणि दुपारी एकतीसच्या पुढे. चार अंशांचा हा फरक आपल्याला शाल घेण्याइतकाही वाटत नाही, झाडाला मात्र पुष्कळ असतो. फ्लोरिडात कॅलिफोर्नियाच्या जाती जशाच्या तशा चालल्या नाहीत. तिथे आधी ऑलिव्हर ही जात चांगली ठरली, ती ऑलिव्हिए आणि तानाका यांच्या संकरातली. पुढे होमस्टेडच्या संशोधन केंद्रात ॲडव्हान्सच्या बियांपासून वूल्फ निवडली. वूल्फचं फळ नाशपतीच्या आकाराचं, गर फिकट पिवळा, जाड आणि घट्ट, आंबटपणाची झाक ठेवून गोड, आणि झाड दरवर्षी फळ देणारं. शँपेनच्या मानाने दिसायला साधी. पण दमट हवेत दरवर्षी फळ देणं हाच मोठा गुण.

फ्लोरिडाच्या बागायतदाराचं खरं दुखणं फळमाशी. लोकाट पिकतं तेव्हा आजूबाजूला दुसरं फळ नसतं, त्यामुळे माशीला सगळी मेजवानी याच झाडावर. आपल्याकडे माशीची जात वेगळी, पण मार्च-एप्रिलमध्ये पिकलेलं मऊ फळ ती सोडेल असं मानायला कारण नाही. बुलबुल, पोपट आणि वटवाघळं यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. फळाच्या पातळ सालीचा सगळ्यांना फायदा.

मग आपल्या देशातल्या जाती? उत्तरेत लोकाटाचं माहेर सहारनपूर. तिथल्या बागेतून आणि भोवतालच्या मळ्यांतून गोल्डन यलो, इम्प्रूव्हड गोल्डन यलो, पेल यलो, लार्ज राउंड, थेम्स प्राइड या लवकरच्या. फायर बॉल, मॅमथ, मॅचलेस, सफेदा या मधल्या. आणि तानाका, कॅलिफोर्निया ॲडव्हान्स या उशिराच्या अशी परंपरा चालत आली. गोल्डन यलो मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हातात येते, तानाका एप्रिलच्या शेवटी. उत्तरेतल्या बागायतदारांनी एक गोष्ट फार पूर्वी पाहून ठेवलीय. तिथे मोहर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. पावसाळ्याच्या अखेरीस, हवा गरम असताना फुललेला पहिला टप्पा जवळजवळ फळ देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा टप्पा फळ देतो. या निरीक्षणावर मी माझा कोकणाबद्दलचा अंदाज बांधतो. आपला ऑक्टोबर म्हणजे तापलेला. पाऊस ओसरल्यावर ऊन असं लागतं की शेताच्या बांधावर उभं राहवत नाही. तेव्हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या सखल भागात लोकाटाचा मोहर आला, तरी तो सहारनपूरच्या वाया जाणाऱ्या टप्प्यासारखा असणार. उष्ण आणि दमट सखल प्रदेशांत हे झाड शोभेचं म्हणून वाढतं, फळ देत नाही, हा जगभरचा अनुभव आहे. पान सुंदर, सावली दाट, बंगल्यापुढे लावा. एकर लावू नका.

सह्याद्री चढलात की चित्र बदलतं. कॉफी-चहाच्या डोंगरांवर आणि विषुववृत्ताजवळच्या देशांतही लोकाट फळतं ते उंचीवर, हे लक्षात घ्या. घाटमाथ्यावर धो धो पाऊस झेलणाऱ्या कड्याजवळ मी ते लावणार नाही. त्याच्या पूर्वेला, जिथे पाऊस कमी होत जातो, निचऱ्याची जमीन आहे आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारावर येतो, त्या वाई, भोर, आजऱ्याच्या पट्ट्यात प्रयोग करायला हरकत नाही. तिथे हिवाळा आहे, पण फळ मारणारा दहिवराचा कडाका सहसा नाही. उताराची जमीन असेल तर पावसाचं पाणी थांबत नाही. लोकाटाला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही.

त्या पट्ट्यात मी काय लावीन? गोल्डन यलो किंवा लार्ज राउंड यांपैकी एक लवकरची, कारण मार्चच्या मध्यानंतर आपल्याकडे उन्हाचा झटका बसतो आणि उशिराचं फळ सालीवर भाजतं. स्पेनमध्ये उशिराच्या जातीला जो मे महिना मिळतो तो आपल्याकडे नाही. त्या वेळी आपण जिवाची काहिली सोसत असतो. त्यामुळे तानाका कितीही मोठी असली तरी मी ती इथे लावणार नाही. जिएफांगजोंगसारख्या मोठ्या फळाच्या जातींचं नाव कुणी तुमच्यापुढे नाचवलं तर ती कधी पिकते एवढं विचारा. लवकरच्या जातीच्या सोबतीला पराग देणारी दुसरी एक, आणि एखादं वूल्फचं कलम अधिकृत मार्गाने मिळालंच तर पारखायला. दोन्ही जातींचा मोहर एकाच पंधरवड्यात येतो का, हे आधी बघून घ्या. सोबत लावली आणि दोघींचे फुलायचे दिवसच जुळले नाहीत, तर काय उपयोग?

बियांपासूनची झाडं नकोत. लोकाटाचं बी लगेच उगवतं, म्हणून रोपं स्वस्त मिळतात. पण फळाला सहा-आठ वर्षं, आणि फळ आईसारखं येईल याचा भरवसा नाही. बियांची रोपं खुंट म्हणून वापरा, वर डोळा किंवा पाचर कलम बांधा. परदेशात बुटकी झाडं हवीत म्हणून क्विन्सच्या खुंटावर कलम करतात. चुनखडीच्या जमिनीत त्या खुंटावरची पानं पिवळी पडतात, म्हणून आपल्या काळ्या जमिनींत तो आधी दोन झाडांवर आजमावा. मोहराचा वरचा भाग कापून टाका, फळं हरभऱ्याएवढी झाली की घडात चार-पाचच ठेवा. हे करताना हात कचरतो, पहिल्या वर्षी तर फारच. घडाला कागदी पिशवी बांधली तर माशी, पक्षी आणि ऊन, तिघांचा बंदोबस्त एका कामात होतो. पिशवी फळांभोवती सैल ठेवा, पण वर देठाशी किंवा खाली उघडी नको.

आणि पहिली तीन-चार वर्षं फळाचं वजन लिहिण्याऐवजी तारखा लिहा. पहिली कळी कधी दिसली, मोहर भरात कधी होता, त्या आठवड्यात दुपारचं आणि पहाटेचं तापमान किती, फळ वाटाण्याएवढं कधी झालं, रंग कधी बदलला. एका पट्ट्यातल्या आठ-दहा बागायतदारांनी या वह्या एकत्र केल्या, तर त्या पट्ट्यासाठी कोणती जात, हे मला किंवा स्पेनमधल्या कुणाला विचारायची गरज तुम्हाला पडणार नाही.